विलायती सायकलीला लुधियानाचं क्रँक

डावा पाय खाली गेला तो परत वर आलाच न्हाई.

पायडल पायाखालीच होतं, पण त्याच्यात जीव न्हाई, नुसतं लोंबकळून डुलून राहिलं, अन् मी चढावर, पाठीला लेकरू बांधलेलं, कमरेला बालवाडीच्या खोलीची चावी, समोरून चारा भरलेली बैलगाडी येऊन राहिली. सायकल मागं सरकायला लागली. ब्रेक दाबला. पाय टेकवावा म्हटलं तर मधी दांडा, मर्दानी सायकल, माझा पाय काय भुईला पोचतो. उजवीकडं नाला, डावीकडं बाभळ. मी बाभळ धरली. खरं सांगायचं तर बाभळीनंच मला धरलं. पदर काट्यात, सायकल मांडीवर, अन् लेकरू पाठीवर खिदळतंय. त्याला वाटलं आई खेळवून राहिली.

बैलगाडीवाले आमच्याच गावचे, चुलत दीर लागतात माझे. त्यांनी गाडी थांबवली.

"कलेक्टरीनबाई, आज मुक्काम बाभळीलाच का?"

"भाऊजी, पायडल गेलं हो."

"कुठं गेलं? हाय की तिथं, मला दिसतंय."

"हाय, पण फिरत न्हाई."

"मंग कलेक्टरसायबाला अर्ज करा," असं म्हणत म्हणतच उतरले बिचारे, पदर काट्यातून सोडवला, सायकल उभी केली, खाली वाकून बघितलं. "काटर पडलं तुमचं," म्हणाले.

काटर म्हणजे एक खिळी असती, बोटाच्या पेराएवढी. सायकलीच्या पोटात एक आडवा आक्सल असतो, त्याच्या दोन टोकांना दोन दांडे, अन् दांड्यांना पायडल. दांडा आक्सलाला त्या एवढ्याशा खिळीनं धरून ठेवलेला असतो. खिळी गेली की दांडा म्हणतो मी माझ्या मर्जीचा मालक. हे सगळं मला आता कळतं. तवा मला एवढंच कळलं की ऊन चढून राहिलंय, चावी माझ्या कमरेला हाय, अन् पोरं बंद दाराच्या पुढं बसलेली असतील.

आम्ही दोघांनी धुरळ्यात खिळी धुंडाळली. घावली न्हाई. भाऊजींनी बाभळीची काडी तासून त्या भोकात ठोकली, वरून दगड हाणला. "हे बघा, देशी काटर," म्हणाले. पुढच्या वळणापर्यंत चाललं देशी काटर, मंग त्याचा भुगा झाला. पुढं मी सायकल ढकलत गेले. म्हणजे सायकलीनं मला न्यायचं, तर मीच सायकलीला नेलं, वरतून लेकरू.

कलेक्टरीनबाई हे नाव गावानं मला दिलेलं हाय. आमचं गाव मुरुडच्या अंगाला. लातूरचा जिल्हा झाला, कलेक्टर आले, अन् त्यानंतर जो दुष्काळ पडला त्या सालात मी सासऱ्याच्या सायकलीवर बसले, म्हणून गावाला वाटलं ही दोन्ही एकाच हुकमानं झाली असावीत. माझं माहेर बिलोलीकडचं. तिकडं मला भाऊ न्हाई, शेतात भाकरी पोचवायला मीच, म्हणून लहानपणीच दांड्याखालून पाय घालून सायकल मारायला शिकले होते. सातवीला शाळा सुटली, सायकल न्हाई सुटली. लग्नात हे कोणी विचारलं न्हाई, मी पण सांगितलं न्हाई.

दुष्काळात शेजारच्या वाडीला बालवाडी निघाली. लेकरांना सुकडीचं गोड पीठ वाटायचं, गाणी म्हणायची, अंक शिकवायचे, सातवी पास बाई पाहिजे. मी गेले, मला घेतलं. पण सकाळी आमच्या गावात टँकर यायचा, त्याचा काही नेम न्हाई, तो आला की घागरी भरल्याबिगर घर सोडता येत न्हाई, अन् घागरी भरून चालत गेले की वाडीला पोचेपर्यंत पोरं उन्हानं सुकून जायची. सासूबाई म्हणाल्या, सायकल काय फक्त पूजेला ठेवलीय का. अशी मी सायकलीवर बसले. पदर खोचून, काष्टा मारून, सासऱ्यांनी तोंड तिकडं केल्यावर.

तर त्या दिवशी मी पोचले तवा पोरं पांगलेली. राहिली होती ती ताटल्या डोक्यावर धरून सावलीला बसलेली. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमी पंक्चर झालात का?"

मी म्हटलं, "झाले."

शेजारची म्हातारी आली अन् तिनं खरी बातमी दिली. तपासणीची बाई येऊन गेली. कुलूप बघितलं. मागच्या बारीला टँकरच्या पायी उशीर झाला होता तवाही कुलूपच बघितलं होतं. जाताना सांगून गेली की सोमवारी परत येते, अन् सोमवारी कुलूप दिसलं तर चावी दुसरीच्या हातात देते. दुसरी तयारच होती. वाडीच्या पाटलाची सून, दहावी नापास. आता दहावी नापास मोठी का सातवी पास मोठी, हे मला अजून कळलेलं न्हाई, पण ती वाडीतच राहती, तिला सायकल लागत न्हाई, एवढं मात्र मला कळत होतं.

तो शनिवार होता.

घरी आले तर सासूबाईंनी विचारलं, "लागलं का गं कुठं?" सासऱ्यांनी विचारलं, "लागलं का कुठं?" पण ते सायकलीकडं बघून विचारत होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमचे हे अप्पा म्हणतात. मामांची सायकल विलायती. निजामाचं राज्य गेलं त्या सुमाराला कोण्या अंमलदारानं हैद्राबादला परत जाताना त्यांना दिलेली. काळी, उंच, गाईसारखी शांत. पायडलाच्या मधल्या मोठ्या चाकाला पिंपळाची पानं कोरलेली, आरपार. मामा पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ते चाक दाखवतात. मी नवी सून असताना एकदा विचारलं होतं, मामा, विलायतेत पिंपळ असतो का, तर माझ्याशी बरेच दिवस बोलले न्हाईत. सासूबाई म्हणतात, माझ्या पाटल्या ह्यांनी एकदा हातात घेऊन बघितल्या न्हाईत, अन् त्या चाकाला आठवड्याला राख लावून घासतात.

खांडेनवमीला तर थाट विचारू नका. आमच्या घरी त्या दिवशी तिफण, कुळव, विळा, अडकित्ता, सगळ्यांची पूजा, पण मानाचा पाट सायकलीला. मामा स्नान करून, लिंगपूजा करून येणार, हँडलला इभूतीचे तीन पट्टे, चाकाला तीन पट्टे, मंग सायकल आडवी करून तिच्या पोटाला तेल पाजणार. खालच्या नळकांड्याला एक भोक हाय, त्याला पितळी टोपण, टोपण सरकवून तेल सोडायचं. आमच्याच रानातल्या करडीचं, घाण्यावरून काढलेलं, गाळून ठेवलेलं. नळकांडं भरून वाहायला लागलं की मामा म्हणणार, "धाली." म्हणजे पोट भरलं तिचं. मंग वर्षभर तिला तेलाचा थेंब न्हाई. उपास.

तर शनिवारी दिवेलागणीच्या आधी आमचे हे लातूरहून आले. डाळीच्या मिलमधी कामाला हायेत, आठवड्याला येतात. यांना नव्याचा लई सोस. जिल्हा झाल्यापासून तर यांच्या तोंडात दुसरं काही न्हाई. टँकर का आला, तर जिल्हा झाला म्हणून. चहा पातळ का झाला, तर जिल्हा झाला म्हणून. सायकल बघितली अन् म्हणाले, "अप्पा, आता हे जुनं पुरं झालं. नवं क्रँक टाकू. लुधियानाचं. सगळा सेट येतो, आक्सल, वाट्या, दांडे, चाक, पांढरंफेक. आता आपण काय उस्मानाबादचे राहिलो न्हाई."

"चाक काढायचं न्हाई," मामा म्हणाले.

"चाक काय करायचंय, अप्पा? चाकावर पानं हायेत म्हणून सायकल पळती का?"

"पळत होती. तुझ्या लग्नाच्या अक्षता वाटायला हिच्यावरच गेलतो मी. हिला काही झालं न्हाई इतकी सालं. आता लेकराचं वजन, बाईचं वजन, चढ."

म्हणजे सायकल मी मोडली. मी चुलीपाशी बसून सगळं ऐकून राहिले. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाईचं वजन म्हणे. ती निम्मी झाली पाणी वाहून. स्वतः बसत होते तवा पोतं बसल्यासारखं वाटायचं." मामांनी ऐकलं न्हाई असं केलं.

दोघं बाप-लेक भांडून राहिले, जुनं का नवं, विलायती का लुधियाना, अन् मी एकच गोष्ट मोजत होते की मधी फक्त रविवार हाय. दुसरी सायकल घ्यायची गोष्ट कोणी काढली न्हाई. त्या सालात कोणी काही घ्यायची गोष्ट काढतच न्हवतं.

रविवारी सायकल एसटीच्या टपावर टाकली अन् आम्ही लातूरला गेलो. मामा, आमचे हे, मी, लेकरू. मला चल असं कोणी म्हटलं न्हवतं. मी म्हटलं, लेकराला बाजार दाखवते, अन् बसले गाडीत. खरं म्हणजे मला भीती, की हे दोघं दिवसभर भांडतील अन् संध्याकाळी सायकल तशीच टपावर टाकून घेऊन येतील.

गंजगोलाईच्या एका गल्लीत सायकलीचं दुकान, मिस्त्रीला सगळे उस्ताद म्हणतात. बोलका माणूस. सायकल बघितली अन् पहिलं वाक्य बोलला, "अप्पा, ही तर माझ्या वडलांच्या वयाची दिसती. बसा, पाणी तर न्हाई, चहा मागवतो."

सायकल उलटी केली, साखळी काढली, दांडे काढले. उजव्या बाजूची खिळी जुनी होती, तीही झिजलेली. उस्ताद म्हणाला, "अन् डाव्या बाजूला कोणतं काटर होतं?"

मामा म्हणाले, "असंच. विलायती."

उस्तादनं भोकात बोट घालून बघितलं. "न्हाई. इथं नवं काटर टाकलेलं होतं कोणीतरी. ते जाड असतं. कानशीनं घासून बसवलं असंल. तेही वाकडं घासलं."

आमचे हे दुकानातल्या छतावरची टायरं बघायला लागले. मिलमधी कानस असती हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "लई टायरं हायेत न्हाई का?" ते म्हणाले, "हाव." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या यांच्या. मामांना काही उमगलं न्हाई, अन् मी उमगू दिलं न्हाई.

मंग उस्ताद आक्सल काढायला गेला तर आक्सल निघंना. पान्हा लावला, हातोडी मारली, रॉकेल सोडलं, पुन्हा हातोडी मारली. शेवटाला आक्सलाला धरून ठेवणारी एक वाटी निघाली अन् तिच्यासंगं आतलं बाहेर आलं. मी म्हटलं, काळं ग्रीस असंल. न्हाई. पिवळं, चकाकणारं, कडक, गुळाच्या पाकासारखं, अन् त्याच्यात छर्रे रुतून बसलेले, राजगिऱ्याच्या लाडवासारखे. छर्रे तर गोल फिरायला असतात. हे एका जागी चिकटून नुसते घासत होते.

उस्तादनं नखानं खरवडलं, वास घेतला. "ह्याच्यात काय टाकता, अप्पा?"

"तेल."

"कशाचं?"

"करडीचं. घरचं हाय. एकदम चोख. घाण्यावर स्वतः उभं राहून काढतो मी. आम्ही त्याच्यात भजी तळतो."

"भज्याला चांगलंच हाय," उस्ताद म्हणाला. "पण भजी फिरत न्हाईत ना, अप्पा. करडीचं तेल वारा लागला की वाळतं, रोगण होतं त्याचं. दाराला लावा, दार चमकंल. हिच्या पोटात तुम्ही इतकी सालं रोगण भरून राहिलात."

दुकानात दोन-चार माणसं होती, ती हसली. आमचे हे पण हसले, त्यांना तर तेवढंच पाहिजे होतं. मामा हसले न्हाईत. त्यांनी तो पिवळा खडा हातात घेतला, उन्हाला धरून बघितला. मला म्हणाले, "दर नवमीला देत होतो गं." मी म्हटलं, "मामा, उपाशी तर ठेवली न्हाई तुम्ही." त्यावर ते किंचित हसले.

मंग उस्तादनं सांगितलं ते असं. आतून वाट्या खाल्ल्या गेल्यात, आक्सलाला जिथं खिळी बसती ती खाच झिजून गोल झालीय. साफ करून परत बसवलं तर गल्लीत फिरवायला चालंल, चढावर खिळी परत पडणार. पडली तर बाभळ दर वेळेला जवळ असतीच असं न्हाई. हे शेवटचं मी मनात म्हटलं.

"नवा सेट टाका," आमचे हे म्हणाले.

उस्तादनं नवा सेट काढून फळीवर ठेवला. कागदात गुंडाळलेला, खरंच पांढराफेक, चाकाला पानं न्हाईत, नुसती तीन भोकं. त्यातली एक वाटी घेऊन नळकांड्याला लावली. थोडी फिरली अन् अडली. काढली, पुसली, परत लावली, परत तिथंच अडली. जुनी वाटी अन् नवी वाटी शेजारी शेजारी धरून त्यानं आम्हाला दाखवलं. दोन्हीला आटे, पण जुनीचे बारीक, दाट, लुगड्याच्या चुण्यांसारखे. नवीचे जरा विरळ.

"हिची जातच निराळी हाय," म्हणाला. "आता दोन रस्ते. एक, नवी वाटी मी हाणून बसवतो, लांब पाईप लावून. ती आपले आटे आपण पाडत आत जाईल. संध्याकाळी सायकल घेऊन जा. पण एकदा नवे आटे पडले की जुनी वाटी ह्या नळकांड्यात परत ह्या जन्मात बसायची न्हाई. दुसरा रस्ता, हिच्याच जातीचा जुना माल धुंडाळायचा. लातुरात न्हाई. नांदेडला जुन्या बाजारात, न्हाईतर देगलूर-बिलोलीकडं कोणाच्या माळ्यावर अशी सायकल पडलेली असंल तर. आठ दिवसांत मिळंल, महिन्यानं मिळंल, मिळणार पण न्हाई."

झालं, दोघांचं परत सुरू. आमचे हे म्हणतात, पेठेत उभं राहून कोणी मागं वळून बघतं का. मामा म्हणतात, नळकांडं फाडून घ्यायचं तर सायकल इथंच भंगारात टाकून जाऊ. हे म्हणतात, जुन्याच्या नादानं भज्याचं तेल पाजलंत. मामा म्हणतात, पाजलं ते पाजलं, मी तिला कानशीनं घासलं न्हाई. म्हणजे त्यांना उमगलं होतं. सगळं उमगलं होतं त्यांना, हे टायरं बघत होते तवाच. हे गपकन बसले.

उस्ताद चहा पिता पिता म्हणाला, "चालवतं कोण सायकल?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. उस्तादनं पण बघितलं. लेकरानं पण बघितलं, असं वाटलं मला.

मामा म्हणाले, "तू सांग. पाय तुझा हाय."

मला आजवर कोणी काही ठरवायला सांगितलं न्हवतं. भाजी कोणती करायची तेवढं, अन् त्या सालात तर भाजी पण न्हवती. मी उस्तादला विचारलं, "नवं किती दिस चालंल?"

"आटे हाणून पाडलेले, बाई. चाललं तर सालं चालंल. सैल पडायला लागलं तर नळकांडं खात जाईल."

"अन् जुनं मिळालं तर?"

"तर तुमचं लेकरू चालवील मोठं होऊन."

मी लेकराकडं बघितलं. ते नव्या चाकाच्या भोकात बोट घालून राहिलं होतं. त्याला काय. मंग डोळ्यापुढं ताटल्या डोक्यावर धरून बसलेली पोरं आली, अन् वाडीच्या पाटलाची सून आली, तिनं मला कधी काही केलं न्हाई, चांगली बाई हाय, पण तिच्या कमरेला ती चावी मला दिसायला लागली. अन् एका बाजूला मामा, सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभे, जसं जनावराच्या दवाखान्यात माणूस उभं राहतं. तिथं कोणी घाई करत न्हवतं. त्याचाच मला जास्त घाम फुटला. कोणी ओरडलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते.

मी म्हटलं, "बसवा नवं."

इतकं हळू म्हटलं की उस्तादनं विचारलं, "काय?" मंग परत म्हणावं लागलं, ते जास्त जड गेलं.

उस्ताद म्हणाला, कोणीतरी सायकल घट्ट धरा. आमचे हे पुढं झाले. मामांनी त्यांना बाजूला केलं अन् स्वतः धरली. पाईप लावला, उस्ताद लोंबकळलाच त्याच्यावर. तो आवाज मी सांगू शकत न्हाई, दात खाल्ल्यासारखा. लोखंडाचा बारीक चकचकीत चुरा मामांच्या धोतरावर पडून राहिला. ते बघत राहिले. त्यांनी तोंड तिकडं केलं न्हाई, मीच केलं.

मी एवढंच म्हटलं, "उस्ताद, ते पानाचं चाक तरी राहू द्या." त्यानं लावून बघितलं. नवा आक्सल आखूड, चाक फ्रेमच्या नळीला घासायला लागलं. म्हणजे तेही गेलं. मामांनी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळलं अन् एसटीत मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणा इकडं, उन्हाळ्यात त्याच्यावर सांडगे घालते." मामांनी खुंटीला लावलं ते, उंच, सासूबाईंचा हात पोचणार न्हाई असं.

सोमवारी टँकर आला, घागरी भरल्या, मी निघाले. सायकल अशी पळाली की माझीच मला भीती वाटली. चढावर तर पाय जड लागलाच न्हाई. इतके दिवस मी रोगण ढवळून राहिले होते अन् मला वाटायचं माझ्यातच दम न्हाई. पोरांच्या आधी पोचले. दार उघडलं, झाडलं, सुकडी भिजवली. तपासणीची बाई आली तवा गाणं चाललेलं. तिनं पोरं मोजली, डबा उघडून बघितला. जाताना सायकलीकडं बघून म्हणाली, "नवी घेतली का?"

"न्हाई," मी म्हटलं, "पोट नवं हाय फक्त."

तिला कळलं न्हाई. पण चावी माझ्याकडंच राहिली.

पंधरवडा गेला न्हाई तर माझे वडील बिलोलीहून आले. मुरुडच्या बाजारात आमच्या तिकडचा एक माणूस भेटला होता, त्याला मी बोलता बोलता सांगितलं होतं की पायडल कसं गेलं अन् आक्सल-वाट्या कशा झिजल्या. वडलांपर्यंत गोष्ट पोचली ती अर्धीच. त्यांना वाटलं पोरगी अजून चालतच जातीय. त्यांनी गाव पालथं घातलं, एका पडक्या घराच्या माळ्यावर मामांच्या सायकलीचीच बहीण घावली, चाकं न्हाईत, सीट न्हाई, पण पोट शाबूत. तिच्यातला आक्सल, दोन वाट्या, दोन्ही खिळ्या काढून, फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन, दोन एसट्या बदलून आले. दारात उभे राहून म्हणाले, "घे बाई. तुझं जुनं आणलं बघ."

मी सायकल लपवावी का काय करावं, मला सुचंना. ती तर अंगणातच उभी, पांढरंफेक चाक उन्हात चमकून राहिलेलं.

उस्तादकडं परत गेलो, का तर जुनं आता बसतं का ते मामांना बघायचंच होतं. उस्तादनं नवी वाटी काढली, जुनी लावली. ती आपोआप आत गेली अन् आपोआप बाहेर आली, रांजणात वाटी सोडल्यासारखी. धरायला काही राहिलंच न्हवतं. उस्तादनं नवी परत आवळून दिली. "पहिल्यापेक्षा जरा सैल बसली बघा," म्हणाला. "येत जा मधनं मधनं आवळायला."

आता मी महिन्याला जाते. चढावर सायकलीच्या पोटातून कट्ट असा आवाज येतो, दर वेळेला मी लेकराला मागं हात लावून बघते. उस्ताद म्हणतो, नळकांडं किती दिवस दम धरंल सांगता येत न्हाई. दुष्काळ कधी सरंल तेही सांगता येत न्हाई, तर दोघांत पैज लागल्यासारखं झालंय.

वडील त्या दिवशी राहिले. दोन्ही म्हातारे ओट्यावर बसून तो आक्सल ह्या हातातून त्या हातात करत होते. वडील म्हणाले, "कसा जड हाय बघा." मामा म्हणाले, "माल हाय तो." मी चहा घेऊन गेले तर मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आठ-पंधरा दिवस थांबलो असतो तर." मंग कप हातात घेतला अन् स्वतःच म्हणाले, "पण थांबलो असतो तर चावी गेली असती." अन् परत आक्सल बघायला लागले. यातलं कोणतं वाक्य माझ्यासाठी होतं, हे मला कळलं न्हाई. दोन्ही असतील.

सासूबाई म्हणतात, बरं केलंस. आमचे हे म्हणतात, मी तर आधीच सांगत होतो. बैलगाडीवाले भाऊजी म्हणतात, बाभळीचं काटर काय वाईट होतं. ज्याला विचारावं तो आपल्यापुरतं सांगतो. म्हणून तुम्हाला विचारते, तुम्ही ना आमच्या घरचे, ना वाडीचे. सोमवार उद्यावर आलाय, पोरं दाराशी बसणार हायेत, फळीवर नवी वाटी चमकून राहिलीय, अन् म्हातारा माणूस सायकलीच्या सीटवर हात ठेवून तुम्हाला म्हणून राहिला, पाय तुझा हाय. तुम्ही काय सांगितलं असतं?